बर्डीपल्याडचं पाणी

आमच्या घरी पाणी कुठलं आहे ते डाळीवरून कळायचं. गावच्या विहिरीचं पाणी जड. त्यात तुरीची डाळ टाकली की दुपार कलली तरी दाणा बोटाखाली कच्चाच लागायचा, आणि माय चुलीत कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या सारता सारता त्या विहिरीचा आणि ती खोदणाऱ्यांचा उद्धार करायची. झिऱ्याचं पाणी असलं की तीच डाळ भाकरी थापून होईस्तोवर लोण्यासारखी. म्हणून पिण्याला आणि डाळीला झिऱ्याचं, बाकी सगळ्याला विहिरीचं, असा घरचा कायदा होता. बाबा कापसाच्या वावरातून येऊन जेवायला बसले आणि वरणात दाणे दिसले, की ते ताटाकडे बघत एवढंच म्हणायचे, "आज झिऱ्यावर जाणं झालं नाई वाटते." मायला ते असं झोंबायचं की दुसऱ्या दिवशी ती उजाडता उजाडता डोक्यावर चुंबळ ठेवून निघायची. झिरा गावापासून फार लांब नव्हता. बर्डीच्या कमरेला, एका मोठ्या काळ्या खडकाच्या पायथ्याशी, लाल मातीच्या पट्ट्यातून पाणी पाझरायचं आणि खालच्या कुंडीत साठायचं. उन्हाळ्यातही वीसेक घरं त्यावर निघायची.

बर्डी म्हणजे आमची डोंगरधार. नागपूरकडले लोक एवढ्याशा टेकाडालाही बर्डी म्हणतात. आमची चांगली लांबलचक होती, सागाची, धावड्याची आणि मधेमधे उघडी पडलेली. बर्डीच्या पलीकडे हिंगणी, तिकडचं पाणी बोर नदीला जायचं. अलीकडे आमचं गाव, इकडचं पाणी नाल्यातून धाम नदीला. पुढे दोन्ही नद्यांचं पाणी शेवटी वर्धेतच जातं, आणि वर्धा नदी खाली वणीकडे जाते, जिथे माझ्या मायचं माहेर होतं. माय कधी शाळेत गेली नाही, पण एवढा भूगोल तिला पक्का ठाऊक होता. नाल्यावर धुणं धुताना ती कधीकधी हात थांबवून म्हणायची, "जा बाप्पा, माह्या माहेराले जा." मला वाटायचं ती साबणाच्या फेसाशी बोलते. मी पुढे सगळी नोकरी भूगोल शिकवण्यात घालवली, फळ्यावर किती पाणलोट काढले त्याला हिशेब नाही, पण नदीला कोणी निरोप देतं हे कुठल्या पुस्तकात सापडलं नाही.

एस.टी. हिंगणीपर्यंतच यायची. तिथून आमच्या गावाला यायचं तर खिंडीतून बर्डी ओलांडायची, दुसरी वाट नाही. खिंडीच्या अगदी माथ्यावर दगडांची एक रास होती, तिला आम्ही गोटामाय म्हणायचो. येणाजाणाऱ्याने एक दगड टाकायचा, म्हणजे पायाचा शीण तिथेच राहतो, असं. पण नव्या नवरीचं वेगळं होतं. तिने माहेरच्या नदीनाल्यातला एक गोटा ओटीत बांधून आणायचा, गोटामायवर ठेवायचा, आणि मागे न बघता बर्डी उतरायची. त्या गोट्याचं नाव पुन्हा काढायचं नाही. कोणता ठेवला, कसा होता, कोणाला सांगायचं नाही, नवऱ्याला तर नाहीच. सांगितलं तर नवऱ्यावर येतं. एका बाईने दिराच्या लग्नात हसत हसत सांगितलं आणि आठ दिवसांत तिच्या नवऱ्याला पान लागलं, म्हणजे साप चावला, ही गोष्ट आम्ही इतक्या जणींच्या तोंडून ऐकली होती की ती बाई कोण, कोणत्या घरची, हे विचारायचं कोणाला सुचलंच नाही. त्या राशीतला दगड उचलायचाही नाही, हलवायचाही नाही. पावसाने घसरला तर घसरला. ती गोटामायची मर्जी.

त्या वर्षी कापसाची वेचणी अर्धी झाली असेल, तेव्हा गावाबाहेर तंबू लागले. सरकारी लोक होते. बर्डीच्या काळ्या पाषाणाच्या खाली खोलवर कोळसा आहे का ते बघायला आले होते. गावात नुसता कल्ला. कोळसा निघाला तर रस्ता येईल, रस्ता आला तर लाइट येईल, एस.टी. पारावर येऊन थांबेल. बाबांना रोजंदारीवर काम मिळालं, मोजणीची साखळी धरण्याचं आणि वाटा दाखवण्याचं, कारण बर्डीचा दगड न् दगड त्यांना माहीत. मुख्य साहेब साताऱ्याकडचे होते. उंच, पायात जाड बूट, कमरेला हातोडी. ते इतकं शुद्ध बोलायचे की आमच्या बाया घरी येऊन त्यांची नक्कल करायच्या. पण माणूस सभ्य. खिंड ओलांडताना त्यांनीही गोटामायवर दगड ठेवला, आणि बाबांनी सांगितलं की या राशीला हात लावत नाहीत, तर पुन्हा कधी लावला नाही. जगातला प्रत्येक दगड फोडून बघणारा माणूस, पण ती एक रास त्याने आमच्याखातर सोडली. आज या गोष्टीवर रडावं की हसावं ते मला कळत नाही.

मी तेव्हा आठवीत होते. बाबांची शिदोरी घेऊन तंबूवर जायचे, आंबाडीची भाजी, भाकर, मिरचीचा ठेचा, आणि तिथेच रेंगाळायचे. साहेबांच्या टेबलावर नकाशा पसरलेला असायचा, त्यावर बोटाच्या ठशासारख्या रेषाच रेषा. मी विचारलं हे काय, तर त्यांनी मूठ वळून पुढे केली आणि तांब्यातलं पाणी मुठीवर ओतलं. बोटांच्या सांध्यांवर येऊन पाणी दोन बाजूंना पळालं. "ही तुमची बर्डी," ते म्हणाले. "इकडे पडलेला थेंब इकडचाच. पाणी कधी धार चढत नाही. म्हणून नाल्यात जो दगड सापडतो, तो त्या नाल्याच्या वरचाच असणार. पल्याडचा असूच शकत नाही." तेवढ्यात मला ती बर्डी नकाशात दिसली, खिंड दिसली, आमचा नाला दिसला. शाळेतल्या गुरुजींनी तोवर आम्हाला जगातल्या नद्यांची नावं पाठ करून घेतली होती, पण आपल्या दारच्या नाल्यालाही कागदावर जागा असते हे कोणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मी नाल्यातून चालायला लागले की खाली बघूनच. आणि एका दुपारी, झिऱ्याच्या थोडं खाली, रेतीत अर्धा रुतलेला काळा दगड दिसला. आमच्याकडे काळ्या दगडाला काय तोटा, पण हा हलका होता, चकाकत होता आणि हाताला काजळ लागत होतं. मी तो ओच्यात घालून धावतच तंबूवर गेले. साहेबांनी बघितला, वास घेतला, हातोडीने दोन तुकडे केले, एक तुकडा काडीवर धरला. धूर निघाला. त्यांचा चेहरा मी अजून विसरले नाही. दुसऱ्या दिवशी सगळी टोळी नाल्यात उतरली आणि आणखी दोन-चार बारके खडे सापडले. अर्धा दगड पिशवीत घालून त्यावर चिठ्ठी लावली, अर्धा त्यांनी मला दिला, "तुझा शोध आहे," म्हणून. बाबांनी त्या दिवशी मला खांद्यावर घ्यायचं तेवढं ठेवलं. चौदा वर्षांची घोडी झाले होते म्हणून, नाहीतर घेतलंच असतं.

मी घरी आले तेव्हा माय सुपात कण्या पाखडत होती. मी तिच्या नाकासमोर तो तुकडा नाचवला. तिचे हात थांबले. तिने दगड हातात घेतला नाही, नुसतं बघितलं, आणि मग पदर तोंडाला लावून चुलीकडे बघत बसली. मला वाटलं हिला आनंद झाला. मग ती म्हणाली, "मंदे, साहेब तुह्यं ऐकते. त्यायले सांग, इथी खोदू नोका. झिऱ्यापाशी तर नोकाच."

"काऊन?"

"मले विचारू नोको. सांग तेवढं."

मी फणफणत उठले. गाव आनंदाने वेडं झालंय, आणि हिचं आपलं काहीतरी भलतंच. बाबांना सांग म्हटलं तर ती भडकली, बाबांपुढे अक्षर काढायचं नाही म्हणाली. मला काही कळेना. पण दगड हातात होता, आणि साहेबांनी शिकवलेलं डोक्यात होतं, आणि त्या दोन्हींनी मला रात्रंदिवस छळायला सुरुवात केली. नाल्यात सापडलं ते वरचं. वर काय आहे? झिरा. झिऱ्याच्या वर? काळा खडक. त्याच्या वर नाला जिथून सुरू होतो तिथे? मी एका सकाळी चढत चढत शेवटपर्यंत गेले. आमच्या नाल्याची पहिली घळ जिथे फुटते, बरोब्बर तिथे, माथ्यावर, गोटामाय होती. तिचे दगड दर पावसाळ्यात इकडेही घसरत होते आणि तिकडेही. त्यात पांढरे गारेचे होते, लाल होते, नदीत घासून गुळगुळीत झालेले होते, वाटसरूंनी टाकलेले सोडले तर एकही बर्डीचा नव्हता. मामाच्या गावी नदीकाठच्या दरडीत काळ्या दगडाचा थर उघडा पडला होता, आम्ही मुलं त्याचे तुकडे आगटीत टाकून धूर करायचो, ते मला तिथे उभ्या उभ्या आठवलं. मायचा गोटा होता तो. ती नवरी होऊन आली तेव्हा ओटीतून आणलेला. कोणाला न सांगण्याचा.

मी तशीच उतरून तंबूवर गेले, खरंच सांगायला गेले होते, देवाशपथ. वाटेत वाक्यं जुळवली. मायचं नाव घ्यायचं नाही, नुसतं म्हणायचं की ही रास बाहेरच्या दगडांची आहे, दगड तिथून आला असेल. साहेब नकाशावर वाकलेले होते. मला बघून हसले, ये म्हणाले, आणि बोटाने दाखवलं. आमच्या नाल्याच्या रेषेवर एक बारीक फुली होती, आणि फुलीच्या शेजारी, पेन्सिलीने, सुंदर अक्षरात लिहिलं होतं, "मंदा". सरकारी नकाशावर माझं नाव. मी ते वाचलं, पुन्हा वाचलं. मग बाबा आले, चहा आला, साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी चहा प्यायले आणि घरी आले.

मायने विचारलं, "सांगितलं का?"

"सांगितलं," मी म्हणाले. "ऐकत नाई म्हणते."

तिने मान हलवली आणि भाकरी उलटली. मला एवढ्या सहज खोटं बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

आता इतक्या वर्षांनी मी स्वतःशी वकिली करते. मी सांगितलं असतं तरी काय झालं असतं? कोळसा खाली आहे का, हे बघायला ते आलेच होते. बर्डीवर कुठेतरी मशीन लागणारच होतं. सरकार एका पोट्टीच्या बोलण्यावर तंबू गुंडाळतं का? पण मग लगेच वाटतं, कुठेतरी लागलं असतं, झिऱ्याच्या डोक्यावर नसतं लागलं. ती जागा माझ्या फुलीने ठरवली. असं आलटून पालटून चालतं, आणि मी शेवटी उठून भांडी घासते.

मशीन बैलजोड्यांनी ओढून वर नेलं. तीन पायांची उंच घोडी उभी राहिली आणि दिवसभर धडधड सुरू झाली. गावातली कुत्री पहिले दोन दिवस भुंकून थकली. जमिनीतून दगडाच्या कांड्या निघायच्या, त्या लाकडी पेटीत ओळीने मांडून ठेवायच्या: काळा पाषाण, मग लाल मातीचा विटकरी पट्टा, मग पुन्हा काळा. मी रोज बघायला जायचे, कोळशाची काळी कांडी निघावी म्हणून देवाला नवस बोलायचे. निघाली असती तर माझं खोटं आपोआप खरं झालं असतं. छिद्रात ते वरून पाणी सोडायचे आणि ते गढूळ होऊन परत यायचं. एका दिवशी पाणी सोडलं तर परतच येईना. पिंपावर पिंप ओतलं, सगळं गिळलं. मशीनवाले आपसात बोलले, साहेबांनी वहीत काही लिहिलं. बाबा घरी येऊन जेवताना म्हणाले, "बर्डी पाणी पिऊन राह्यली." माय वाढता वाढता थांबली.

आठ दिवसांनी झिऱ्याची धार करंगळीएवढी झाली. होळीच्या आधी थेंब थेंब. होळी झाली आणि कुंडीत हिरवं शेवाळ तेवढं उरलं. गावातले पुरुष पहार घेऊन गेले, लाल मातीचा पट्टा हातभर कोरला, आत नुसती ओल. साहेबांनाही वाईट वाटलं असावं. ते दोनदा येऊन बसले, म्हणाले या वर्षी पाऊस कमी होता, पाऊस झाला की येईल. कोळसा निघाला नाही. तंबू उठले, छिद्रात लाकडी खुंटी ठोकली. जाताना त्यांनी मला एक पेन्सिल दिली. मी ती कधी तासली नाही.

पुढचा पावसाळा चांगला झाला, पण झिरा आला नाही. मात्र पल्याडच्या उतारावर, हिंगणीच्या अंगाला, पळसाच्या झाडांत नवी ओल फुटल्याचं गुराख्यांनी सांगितलं. आमच्याकडे कोणी त्याचा विचार केला नाही. पाणी तिकडचं ते तिकडचं. एका दिवशी माय पाण्याचा पितळी गुंड घेऊन बर्डीपल्याड गेली आणि दुपारी घामाघूम होऊन परत आली. तिने चुलीवर डाळ ठेवली आणि भाकरी थापायला घेतल्या. पाचवी भाकरी तव्यावर असताना तिने वाटीत डाळ काढून बोटाने दाबली. मग मला दाबायला सांगितली. लोणी. माय डोळे पुसत नव्हती, नुसतं वाहू देत होती. "हे आपलंच हाय," ती म्हणाली. साहेबांची मूठ, मुठीवरून दोन बाजूंना पळणारं पाणी, ते सगळं बरोबर होतं, पण मुठीच्या आत काय चालतं ते त्यांनी मला दाखवलं नव्हतं, आणि मलाही विचारायचं सुचलं नव्हतं.

तेव्हापासून माय रोज बर्डी चढायची. एक गुंड डोक्यावर, एक कमरेवर. तिकडे उतरायचं, भरायचं, खिंडीत चढायचं, गोटामायपाशी क्षणभर थांबायचं, इकडे उतरायचं. जनाकाकू शेजारची, ती म्हणायची, एवढ्या हौसेनं कोणाची डाळ शिजवते वो? बाबाही म्हणायचे, विहिरीचं चालते मले, नोको जाऊ. ती ऐकायची नाही. मी पुढच्या शिक्षणाला वर्ध्याला गेले, पिपरीला एका नातेवाइकांकडे राहिले, सुट्टीत घरी यायचे तर माय बर्डीवरच. मी म्हणायचे, माय, गुडघे जातील. ती म्हणायची, जाऊ दे. मी पुस्तक घेऊन ओसरीवर बसायचे. गावात हातपंप लागेपर्यंत हे चाललं, किती वर्षं ते मी मुद्दाम मोजत नाही. हातपंप लागला तेव्हा तिचा उजवा गुडघा वाकायचा बंद झाला होता.

बाबा गेले ते खूप पुढे, म्हातारपणाने, अंथरुणात, कोणाचं काही न लागता. तेरावं झालं, पाहुणे गेले. घरात आम्ही दोघीच उरलो. मायने अंगणात बाज टाकून घेतली आणि मला जवळ बोलावलं.

"तो अर्धा गोटा हाय का तुह्यापाशी?"

तो माझ्याकडे पेटीत होता, पेन्सिलीजवळ. आणून दिला. तिने तो तळहातावर घेतला, अंगठ्याने पुसला, अंगठा काळा झाला. "माह्या माहेरचा हाय," ती म्हणाली. "मीच आणलता. तवा सांगता आलं नाई. तुह्या बापाचं भ्याव होतं मले. माह्या गोट्यानं झिरा नेला, म्हून मी पाणी वाह्यलं."

मी गप्प राहिले असते तर ते तिथेच संपलं असतं. पण बाबा नव्हते, आणि तिचा गुडघा समोर होता.

"मले माहीत होतं, माय," मी म्हणाले. "मी वर जाऊन पाह्यलं होतं. आन् साहेबाले मी सांगितलंच नाई. तुले खोटं बोलली."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी वाट बघत होते की ती रागावेल, रडेल, नाहीतर लहान होती तू म्हणून माफ करेल. तिने तसलं काही केलं नाही. दगड माझ्या हातात परत दिला, वाकत नसलेला पाय दोन्ही हातांनी उचलून बाजेवर घेतला आणि म्हणाली,

"मंग दोन खेपा तूही करायच्या होत्या, बाई."